सैल जॅमच्या बाजूने

जॅम करायला सगळ्यात अडचणीचं फळ कुठलं, असं कुणी विचारलं तर मी स्ट्रॉबेरीकडे बोट दाखवीन. पेरू, कवठ, आवळा ही फळं शिजायला लागली की आपणहून आळायला बघतात, कारण त्यांच्यात पेक्टिन भरपूर असतं. स्ट्रॉबेरीचं सगळं उलटं. नव्वद टक्के पाणी, पेक्टिन बेताचं, रंग असा की विस्तवावर जरा जास्त रेंगाळला की विटकरी पडतो. आणि वास घरभर दरवळला म्हणून आपण खूश व्हावं, तर तेवढाच तो पातेल्यातून कमी झालेला असतो. तरीही जॅम म्हटलं की पहिली आठवते ती हीच.

कारखान्यात या अडचणीवर सरळ उपाय आहेत. पेक्टिनची पूड, सायट्रिक आम्ल, परवानगी असलेला रंग, इसेन्स. त्यात लबाडी काही नाही. हजारो बरण्या एकसारख्या निघायच्या तर तसं करावंच लागतं. घरी अर्ध्या किलोचा एक घाणा काढताना मात्र फळाच्या कलाने घेता येतं, आणि तसं घेतलं की हाती येणारा जॅम सैल असतो. बरणी तिरकी केली की तो आळस देत एका बाजूला सरकतो, चमच्यावर ढीग करून उभा राहत नाही, पावाला लावला तर कडेपर्यंत जातो आणि कधी कडेखालीही. घरी आलेल्यांपैकी कुणीतरी "थोडा पातळ राहिला का हो?" असं विचारतंच. माझ्या लेखी त्या जॅमचं सगळं मोठेपण या सैलपणातच आहे, आणि पुढचं लिखाण ही त्याची वकिली समजावी.

आधी डोळ्यांनी चाखू. बरणी खिडकीशी धरा. चांगल्या जॅममध्ये दोन लाल दिसतात. एक फळाच्या फोडींचा, गडद, थोडा मंद. दुसरा त्यांच्यामधल्या रसाचा, ज्यातून पलीकडचा उजेड आरपार येतो. हे दोन लाल वेगळे राहिले असतील तर करणाऱ्याचा हात चांगला. सगळं एकाच रंगाचं, अपारदर्शक, गिळगिळीत झालं असेल तर फळ आधी मिक्सरमधून फिरवलंय किंवा पातेल्यात कालथ्याने घोटून घोटून मारलंय. या लाल रंगामागे मुख्यतः पेलार्गोनिडिन नावाचं रंगद्रव्य असतं. ते आंबटपणात खुलतं आणि उष्णतेत हळूहळू मोडतं. म्हणजे रंग पाहूनच कळतं की हा घाणा विस्तवावर किती वेळ होता. तपकिरीकडे झुकलेला स्ट्रॉबेरी जॅम चवीला गोड लागेलही, पण त्यातली स्ट्रॉबेरी केव्हाच निघून गेलेली असते.

मग त्या पिवळसर बारीक कण्या. त्यांना आपण बिया म्हणतो. वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने ती एकेक कणी म्हणजे एकेक फळ, आणि ज्याला आपण फळ म्हणून खातो तो फुलाचा फुगलेला देठाकडचा भाग. जॅममध्ये या कण्या रसात तरंगत राहतात आणि दाताखाली अगदी बारीक कुरकुरतात. काही जण त्या गाळून टाकतात. मला ते पटत नाही. मऊ, गोड, लाल अशा एकसुरी पदार्थात दाताला अडवणारी तेवढी एकच गोष्ट आहे, ती का काढायची?

फळाची निवड हा मात्र रेंगाळण्यासारखा विषय आहे. आपल्याकडे स्ट्रॉबेरी म्हणजे महाबळेश्वर-पाचगणीचा टापू. देशात पिकणारी बहुतेक स्ट्रॉबेरी याच भागातली, आणि २०१० साली 'महाबळेश्वर स्ट्रॉबेरी'ला भौगोलिक मानांकनही मिळालं. पाऊस ओसरला की लावणी होते, थंडी पडू लागली की फळ सुरू होतं आणि मार्च-एप्रिलपर्यंत चालतं. हंगामाच्या सुरुवातीला पुण्या-मुंबईच्या बाजारात प्लास्टिकच्या डब्यांतून जे फळ येतं ते खायचं. एकसारखं, मोठं, देठासकट, आणि महाग. जॅमवाल्याने त्याच्या नादी लागू नये. जॅमचा हंगाम उतरतीचा. फेब्रुवारी संपत आला, ऊन चढू लागलं, की फळ आकाराने लहान होतं, भाव खाली येतो आणि रस्त्याकडेला देठ काढलेल्या फळांचे ढीग दिसू लागतात. भिलारजवळ अशाच एका टपरीवर मी मोठाली फळं चिवडत होतो, तेव्हा विकणाऱ्या मावशींनी विचारलं,

"खायाला का जॅमला, दादा?"

"जॅमला."

"मग ही कशाला? ही निस्ती दाखवायची हाय. ती बारकी न्या, देठ काढून ठेवलीया."

"त्यात थोडी कच्ची दिसतात, मावशी."

"असू द्या की. समदी पिकली तर घट कसं हुईल?"

जॅमवरच्या जाड पुस्तकांत जे दोन-दोन पानं समजावलेलं असतं ते एवढ्यात झालं. फळ पिकत जातं तसं त्यातलं पेक्टिन मोडत जातं आणि फळ मऊ पडतं. पूर्ण पिकलेल्या फळात वास आणि गोडी असते, पण बांधून धरायची ताकद उरत नाही. म्हणून खांद्याशी पांढरी राहिलेली, थोडी टणक फळं चौथाईभर घाण्यात हवीतच. ती आंबटपणाही आणतात. लोळागोळा झालेली, डागाळलेली फळं "नाहीतरी शिजवायचीच आहेत" म्हणून जॅममध्ये ढकलायची सवय बऱ्याच घरांत आहे. त्या जॅमला आंबूस वास येतो, आणि तो साखरेने झाकला जात नाही.

वाणांबद्दल बोलायचं तर या डोंगरावर फ्लोरिडा विद्यापीठात तयार झालेली स्वीट चार्ली आणि विंटर डॉन पिकतात, कॅलिफोर्निया विद्यापीठाची कॅमारोसाही पिकते. स्वीट चार्ली नावाप्रमाणे गोड, खायला फार छान, पण पातेल्यात लवकर हात टेकते. कॅमारोसा टणक, आतपर्यंत लाल आणि आंबट. नुसती खाताना मी तिच्याकडे वळून पाहणार नाही. जॅमला मात्र मी तिलाच पहिली पसंती देतो. पाट्यांवर वाणाचं नाव क्वचितच लिहिलेलं असतं. एक फळ मधोमध चिरून पाहावं. आतला गाभा लाल असेल तर घ्यावं, पांढरा आणि पोकळ असेल तर पुढच्या टपरीवर जावं.

या फळाचं वयही ध्यानात ठेवण्यासारखं आहे. आज आपण खातो ती मोठी बागायती स्ट्रॉबेरी निसर्गात नव्हतीच. फ्रेझिए नावाच्या फ्रेंच लष्करी अभियंत्याने १७१४ साली चिलीच्या किनाऱ्यावरून मोठ्या फळांची रोपं फ्रान्सला आणली. पुढे तिथल्या बागांत त्यांचा उत्तर अमेरिकेतल्या लहान पण सुवासिक जातीशी संकर झाला, आणि १७६६ मध्ये द्यूशेन या वनस्पतिशास्त्रज्ञाने हे कोडं उलगडून लिहिलं. म्हणजे प्रतापगडाखाली अफझलखानाची भेट झाली, तेव्हा समोरच्या डोंगरावरच काय, पृथ्वीवर कुठेही हे फळ नव्हतं. इंग्रजांनी महाबळेश्वराला थंड हवेचं ठाणं केलं आणि त्यांच्या बागांबरोबर ते इथे आलं. त्या मानाने आपला मुरांबा कितीतरी जुना, आणि ही नवी पाहुणी त्याच्याच चुलीवर चढते.

चढते खरी, पण मुरांब्याचे नियम तिला चालत नाहीत. आपल्याकडे साखरांबा करणाऱ्या बाईचं लक्ष पाकावर असतं. अंगठा आणि तर्जनीमध्ये थेंब धरून तार बघायची, एकतारी की दोनतारी. त्यात कैरीच्या फोडी पारदर्शक होतात आणि पाक पाकच राहतो. जॅममध्ये तार बघून काही उपयोग नाही. इथे साखरेचा पाक घट्ट करायचा नसतो, फळातलं पेक्टिन जोडायचं असतं. पेक्टिनच्या लांबलचक साखळ्या पाण्यात एकमेकींपासून फटकून राहतात. साखर त्यांच्याभोवतीचं पाणी ओढून घेते, आंबटपणा त्यांच्यातला दुरावा कमी करतो, आणि निवताना त्या एकमेकींत गुंतून जाळं तयार होतं. त्या जाळ्यात रस अडकतो. साखर, आंबटपणा, पेक्टिन यांतलं एक कमी पडलं की जाळं विणलं जात नाही. साखरांबा जमणाऱ्या हातांचा पहिला जॅम बहुधा कडक होतो तो यामुळे. त्या बायका दोन तारा दिसेपर्यंत थांबतात, आणि दोन तारा दिसेपर्यंत जॅमचा वडीसारखा गोळा झालेला असतो.

माझं प्रमाण असं. निवडलेली, धुऊन मग देठ काढलेली स्ट्रॉबेरी ५०० ग्रॅम, साखर ३५० ग्रॅम, एका रसदार कागदी लिंबाचा रस. देठ काढून मग धुतलं तर फळ पाणी पितं, म्हणून क्रम महत्त्वाचा. लहान फळं अख्खी, मोठी अर्धी. साखर लावून झाकून रात्रभर फ्रिजमध्ये.

सकाळी झाकण काढल्यावर जे दिसतं तिथे घाई करू नये. साखर जवळजवळ नाहीशी झालेली असते आणि फळं आपल्याच रसात बुडालेली असतात. कडांनी थोडी सुरकुतलेली, आकाराने लहान, पण अभंग. साखरेने फळातलं पाणी बाहेर ओढलं आणि थोडी साखर आत गेली. पाण्याने फुगलेलं फळ एकदम उकळीत टाकलं तर फाटतं. असं आधी रात्रभर मुरलेलं फळ पुढे टिकतं. भांड्यात तो रस बघावा. त्यात अजून काहीही शिजलेलं नाही, लाल स्वच्छ आहे, वास कच्च्या फळाचा आहे. पुढच्या पंधरा मिनिटांत यातलं किती वाचवता येतं एवढाच प्रश्न उरतो.

इथे फ्रान्सच्या अल्सास प्रांतातल्या क्रिस्टीन फेर्बर यांची आठवण काढायला हवी. निडरमोर्श्विर नावाच्या खेड्यात त्या जॅम करतात. दुकान घरचं, कढया तांब्याच्या, आणि एका घाण्यात चार किलोपेक्षा जास्त फळ न घेण्याचा त्यांचा नेम. त्यांची युक्ती साधी पण विचार करायला लावणारी आहे. मुरलेल्या फळाला एक हलकी उकळी द्यायची, पुन्हा रात्रभर ठेवायचं, दुसऱ्या दिवशी फळ गाळून बाजूला काढायचं, नुसता रस जोरात आटवायचा, आणि तो दाट झाल्यावर फळ परत सोडून थोडकाच वेळ उकळायचं. पाणी आटवायची सगळी मेहनत रसावर पडते, फळ आगीपासून लांब राहतं. अर्ध्या किलोला मी दुसरी रात्र घालवत नाही. सकाळी रस गाळून वेगळा आटवतो आणि मग त्यात फळ टाकतो, तेवढ्याने काम भागतं. तांब्याची कढईही घरी नको. आंबट फळ आणि कल्हई नसलेलं तांबं यांचं गणित सांभाळायला रोजचा हात लागतो. जाड बुडाची स्टीलची लंगडी पुरे.

लंगडी म्हणतो, खोल पातेलं नव्हे. यातच लहान घाण्याचं सगळं मर्म आहे. वरच्या प्रमाणात फळ, साखर, लिंबू मिळून पावणेनऊशे ग्रॅमच्या आसपास माल असतो. त्यातलं सव्वादोनशे ग्रॅम पाणी उडवलं की माझ्या पसंतीचा सैल जॅम होतो. घरच्या गॅसवर, पसरट भांड्यात, मोठ्या आचेवर हे काम पंधरा-वीस मिनिटांत होतं. आता हाच घाणा पाच किलोचा करा. उडवायचं पाणी दहापट झालं, शेगडी मात्र तीच. दीड-दोन तास तरी फळ उकळत बसणार. तेवढ्या वेळात रंग मोडतो, फोडी विरघळतात, आंबटपणात फार वेळ उकळून उरलंसुरलं पेक्टिनही तुटतं, आणि मग घट्ट होत नाही म्हणून आपण अजून उकळतो. स्वस्तात मिळाली म्हणून दोन पेट्या आणून एकदम उरकायचा मोह होतो, तो आवरावा. हवे तर एकामागून एक घाणे काढावेत.

विस्तवावर काय होतं ते कानांनीही ऐकता येतं. सुरुवातीला आवाज पातळ पाण्याचा असतो, भरभर, उथळ. फेस वर येतो, गुलाबी, बारीक बुडबुड्यांचा, आणि लंगडीच्या कडेपर्यंत चढतो. तो झाऱ्याने बाजूला वाटीत काढायचा. तुपाचा एक थेंब टाकला तरी तो बसतो, पण मग जॅमला तुपकट चकाकी येते. मी काढणाऱ्यांतला. वाटीतला फेस कुणी ना कुणी पोळीच्या तुकड्याने पुसून घेतोच. हळूहळू फेस कमी होतो, बुडबुडे मोठे आणि कमी होतात, फुटताना टपटप आवाज करतात, आणि रसाला तकाकी येते. ही वेळ लिंबाची. रस पिळला की पातेल्यातला लाल एकदम उजळतो, कुणी मागे दिवा लावल्यागत. आंबटपणा वाढला की तेच रंगद्रव्य जास्त लाल दिसतं, बाकी जादू काही नाही, पण दर वेळी हात थांबतो. लिंबू अगदी सुरुवातीला घातलं तर पेक्टिन तुटायची भीती, अगदी शेवटी घातलं तर ते वेगळं, कच्चं लागतं. म्हणून मध्यावर. पिळलेल्या लिंबाच्या बिया मी पातळ फडक्यात बांधून रस आटताना त्यात सोडतो. त्यांच्या अंगचं पेक्टिन थोडा हातभार लावतं. काही जण पेरूची फोड किसून घालतात. जॅम चटकन बसतो, पण नाकाला आधी पेरू भेटतो. दुसऱ्याच्या लग्नात मिरवणारा पाहुणा मला नको.

आता थांबायचं कधी. परदेशी पुस्तकांत सरसकट १०५ अंश सेल्सिअस लिहिलेलं असतं, आणि थर्मामीटर घेऊन बसणारे तिथे फसतात. तो आकडा समुद्रसपाटीचा आहे. खरा नियम असा की पाणी जिथे उकळतं त्याच्या चार-पाच अंश वर जॅम बसतो. मुंबईत १०४-१०५ ठीक. पुण्यात पाणी ९८च्या आसपास उकळतं, तिथे १०२-१०३ पुरे. महाबळेश्वर जवळपास १,३७० मीटर उंचावर, तिथे पाणी ९५च्या सुमारासच खळखळतं, म्हणजे शंभराच्या आतबाहेरच गॅस बंद व्हायला हवा. जिथे फळ पिकतं त्याच गावात पुस्तक बघून १०५ गाठायला गेलं तर खाली जॅमऐवजी गोळीबंद पाकाच्या वाटेला लागलेला ऐवज मिळेल. सैल जॅमसाठी मी या नियमापेक्षाही अंशभर अलीकडे थांबतो.

थर्मामीटर नसला तरी काही अडत नाही. एक बशी आधीच फ्रीझरमध्ये ठेवावी. शंका आली की गॅस बारीक नव्हे, बंद करावा, कारण तपासताना उकळी चालू राहिली तर तेवढ्यातच जॅम पुढे निघून जातो. बशीवर अर्धा चमचा रस टाकावा, मिनिटभर थांबावं, आणि बोटाने हलकेच ढकलावा. रस पाण्यासारखा बोटाभोवती पळाला तर अजून दोन मिनिटं. बोटापुढे पृष्ठभागावर जाड सुरकुत्या उठल्या तर तो दुकानासारखा घट्ट बसेल. मला हवी असते ती यांच्या मधली पायरी. बोट मागे घेतल्यावर बशीवर पडलेली वाट लगेच मिटत नाही, थोडा वेळ बशी दिसत राहते, मग दोन्ही काठ सावकाश एकमेकांकडे सरकतात. पातेल्यातला जॅम या क्षणी चक्क पातळ दिसतो. नवखा माणूस इथेच घाबरतो आणि पुन्हा गॅस पेटवतो. जाळं विणलं जातं ते निवताना. बरणीतला जॅम दुसऱ्या दिवशीपर्यंत दाट होत राहतो.

बरणीत भरायच्या आधी दहा मिनिटं तो लंगडीतच राहू द्यावा. उकळता ओतला तर फळं वर तरंगतात आणि खाली नुसता रस राहतो. थोडा निवला की रस दाटतो आणि फोडी जिथल्या तिथे अडकून राहतात. बरण्या उकळत्या पाण्यातून काढून कोरड्या केलेल्या हव्यात हे सांगायला नको, पण सांगतो, कारण ओल्या बरणीने घालवलेले घाणे मी बऱ्याच घरांत पाहिले आहेत.

आता वास, म्हणजे सगळ्यात नाजूक प्रकरण. स्ट्रॉबेरीच्या वासात तीनशेहून अधिक द्रव्यं सापडली आहेत, पण ढोबळमानाने त्यात दोन थर कळतात. एक वरचा, फळासारखा, तजेलदार, किंचित हिरवा. तो उडून जाणाऱ्या हलक्या द्रव्यांचा. दुसरा खालचा, साखर करपण्याच्या अलीकडचा, जत्रेतल्या म्हातारीच्या केसांचा. त्यामागे फ्युरेनिऑल नावाचं द्रव्य आहे, आणि अननसातही ते असतं. शिजवताना वरचा थर वाफेबरोबर निघून जातो, खालचा राहतो. म्हणून फार शिजलेला जॅम गोड आणि खमंग लागतो, पण ताजा लागत नाही. अगदी न शिजवलेलं फळ साखरेत कुस्करलं तर उलटं, ताजेपणा आहे पण खोली नाही. कमी वेळ शिजलेल्या लहान घाण्यात दोन्ही थर एकाच चमच्यात भेटतात. आधी नाकात खालचा, उबदार वास येतो आणि जॅम जिभेवर पसरू लागला की मागून कच्च्या फळाची चुणूक येते. सैल जॅम यासाठीच हवा. तो तोंडात लगेच पसरतो, आणि पसरला तरच वास वर चढतो. घट्ट जॅम जिभेवर तुकडा होऊन बसतो. तो चघळून संपेपर्यंत आपल्याला फक्त गोड कळतं.

गोडीबद्दल एक आकडा. आपल्या अन्नसुरक्षेच्या नियमांप्रमाणे जॅममध्ये कमीत कमी ४५ टक्के फळ असावं लागतं. स्ट्रॉबेरी आणि रास्पबेरी यांना मात्र त्यात सूट आहे, त्यांच्यासाठी २५ टक्केही चालतं. शिवाय विरघळलेले घटक ६५ टक्क्यांच्या खाली जाता कामा नयेत. आता घरच्या घाण्याचा हिशेब करा. अर्धा किलो फळ आणि शेवटी उरलेला माल सव्वासहाशे-साडेसहाशे ग्रॅम. शंभर ग्रॅम जॅमला पाऊणशे ग्रॅमच्या वर फळ. त्यातल्या साखरेचं प्रमाण नियमातल्या ६५ टक्क्यांच्या थोडं खालीच असतं. म्हणजे नियमाने मोजायला गेलं तर माझा जॅम जॅमच नव्हे. त्याची किंमतही मोजावी लागते. साखर कमी, पाणी जास्त, म्हणजे बुरशीला वाव. उघडलेली बरणी फ्रिजमध्ये आणि चमचा कोरडा, ही शिस्त पाळावी लागते. मुरांब्याच्या बरणीसारखी ती फडताळात वर्षभर विसरून चालत नाही. पण मग एका वेळी दोनच बरण्या करायच्या असतील, तर टिकवण्याची एवढी चिंता कुणाला?

आंबटपणा जिभेच्या कडांना शेवटी लागला पाहिजे. आधी गोड, मग फळ, मग आंबट, आणि आंबटामुळे पुढच्या घासाची इच्छा. लिंबू बेताचं घातलं की ही रांग नीट लागते. दालचिनी, वेलची, व्हॅनिला यांचा मला या घाण्यात कंटाळा येतो. वेलची तर आपल्याकडे गोड दिसलं की हात आपोआप तिच्या डबीकडे जातो म्हणून पडते. दोन-चार काळी मिरी जाडसर कुटून घातली तर एखाद्या वेळी बरी लागते, तेही फळ फार गोड आणि मवाळ निघालं असेल तरच.

खायचा कशाबरोबर, हा प्रश्न इंग्लंडात भांडणाचा आहे. कॉर्नवॉलची माणसं स्कोनवर आधी जॅम लावतात आणि त्यावर घट्ट साय. शेजारच्या डेव्हनमध्ये आधी साय, मग जॅम. दोन्ही बाजू मागे हटत नाहीत. आपल्याकडे स्कोन नसला तरी साय घरोघरी आहे, आणि सैल स्ट्रॉबेरी जॅमला म्हशीच्या दुधाच्या जाड सायीसारखी जोड नाही. साय त्याचा आंबटपणा पोटात घेते आणि वास मोकळा सोडते. चक्क्याबरोबरही तो चांगला जमतो, फक्त चक्का आंबट नको. लोण्याने मात्र चव जड होते. भांडणात मी डेव्हनच्या बाजूचा आहे, आणि त्याला तत्त्वापेक्षा तव्याचं कारण आहे. आपण तो लावतो गरम पोळीला. जॅम आधी लावला तर तो ऊब लागून आणखी सैल होतो, घडीतून गळतो आणि कोपरापर्यंत पोचतो. आधी साय पसरावी, तिचा थर पोळी आणि जॅमच्या मध्ये राहतो. पाव थंड असेल तर कॉर्नवॉलवाल्यांचंही चालेल.